बुद्धीची चाचणी : तुलना कोणाशी?

रक्ततपासणीचा अहवाल हाती आला की आपली नजर आधी आकड्यावर आणि लगेच त्याच्या शेजारी छापलेल्या मर्यादेवर जाते. हिमोग्लोबिन साडेबारा आले, तर ते चांगले की वाईट? बाईचे असेल तर ठीक, कारण जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषाप्रमाणे गरोदर नसलेल्या स्त्रीसाठी खालची मर्यादा १२ आहे. पुरुषाचे असेल तर रक्तक्षय, कारण पुरुषासाठी ती १३ आहे. आकडा एकच, पण अर्थ दोन. तुलना कोणाशी करायची हे तिथे आधीच ठरलेले असते, म्हणून डॉक्टरांना आणि आपल्यालाही त्या आकड्याचा उपयोग होतो.

रक्ताच्या बाबतीत आपण इतके जागरूक असतो, पण बुद्धी, स्मरणशक्ती आणि हातापायांच्या चपळाईच्या चाचण्यांबाबत मात्र मिळेल तो आकडा मुकाट्याने मान्य करतो. शाळेतील बाई सांगतात, मुलगा मागे पडतो, त्याचा बुद्ध्यांक काढून आणा. मुंबईचा चाकरमानी गणपतीला गावी येतो, आईला विसरायला होते आहे असे त्याला वाटते, आणि जाताना तो तिला तपासणीसाठी बरोबर घेऊन जातो. रेल्वेच्या भरतीत उतरलेल्या मुलाला ‘सायको टेस्ट’ द्यावी लागते. तिन्ही ठिकाणी शेवटी एक आकडा हातात पडतो. त्या आकड्यावर मुलाची शाळा, आईचे औषधपाणी आणि तरुणाची नोकरी ठरते. हा आकडा कोणाच्या तुलनेत कमी किंवा जास्त ठरवला, हा प्रश्न मात्र फारसे कोणी विचारत नाही. तो विचारला पाहिजे, आणि त्याचे उत्तर आपल्या माणसांतून, आपल्या भाषेत तयार झाले पाहिजे, असे मला वाटते.

प्रमाणक म्हणजे काय?

वजनाला किलो आणि उंचीला सेंटिमीटर आहे. बुद्धीला असे स्वतंत्र माप नाही. एखाद्या मुलाने ४० पैकी २३ प्रश्न बरोबर सोडवले, तर ते चांगले की वाईट हे त्या २३ वरून कळत नाही. त्याच वयाच्या, त्याच परिस्थितीतील शेकडो निरोगी मुलांना तेच प्रश्न, त्याच पद्धतीने विचारून त्यांची सरासरी काय आली आणि गुण वरखाली किती पसरले, हे माहीत असेल तरच २३ ला अर्थ येतो. या आधी तयार करून ठेवलेल्या कोष्टकाला मानसशास्त्रात प्रमाणके म्हणतात. बुद्ध्यांक १०० म्हणजे शंभर टक्के बुद्धी नव्हे. तो त्या गटाची सरासरी दाखवतो.

अंगणवाडीत बाळाचे वजन ज्या तक्त्यावर मांडतात, तोही प्रमाणकांचाच तक्ता. भारतीय बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१५ साली ५ ते १८ वर्षांच्या मुलांसाठी उंची-वजनाचे सुधारित तक्ते प्रसिद्ध केले. आपल्या मुलांची वाढ बदलली, तेव्हा तक्ताही बदलायला हवा, हा त्यामागचा साधा विचार. शरीराच्या बाबतीत जे पटते, ते बुद्धीच्या बाबतीतही पटायला हरकत नाही.

वेळणेश्वरची आजी आणि तीस गुण

स्मृतिभ्रंशाची शंका आली की जगभर एक छोटी चाचणी वापरतात. अमेरिकेत फॉल्स्टीन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ती १९७५ साली प्रसिद्ध केली. एकूण गुण ३०. २४ च्या खाली गेले की संशय घ्यायचा, असा प्रघात पडला. दहा मिनिटांत होते, यंत्र लागत नाही, म्हणून ती लोकप्रिय झाली.

आता समजा, वेळणेश्वरची पंच्याहत्तर वर्षांची एक आजी या चाचणीला बसली. शाळेचे तोंड तिने पाहिलेले नाही. तिला विचारले, आज तारीख काय? तिला तारीख सांगता येत नाही, पण तिथी तोंडपाठ आहे. माघ वद्य चतुर्दशीला देवळात महाशिवरात्रीची यात्रा भरते, तिला किती दिवस उरले हे ती बोटांवर मोजून सांगते. ऋतू कोणता? ती म्हणते, आगोट आली. तपासणारा मुंबईचा असेल तर त्याला हे उत्तर कळणार नाही. आपण कितव्या मजल्यावर आहोत? तिचा जन्म ओटी, पडवी आणि माजघरात गेला, मजला तिच्या बोलण्यात कधी आलाच नाही. शंभरातून सात वजा करा, मग पुन्हा सात, असे पाच वेळा. वाडीतल्या नारळांचा शेकड्याने हिशोब ती चोख ठेवते, व्यापाऱ्याने दोन नारळ जास्त नेले तरी तिच्या लक्षात येते. पण सात-सात वजा करीत बसण्याचा खेळ शाळेचा आहे. शेवटी एक वाक्य वाचा, एक वाक्य लिहा आणि एकमेकांत गुंतलेल्या दोन पंचकोनांची आकृती काढा. ज्या हाताने कधी पेन्सिल धरली नाही, त्या हाताने काय करावे?

जरा हिशोब करू. वजाबाकीचे ५ गुण, वाचन, लेखन आणि आकृती यांचा प्रत्येकी १. म्हणजे तीसपैकी आठ गुण थेट शाळेवर अवलंबून. ते गेले की उरले २२, आणि निकाल लागला की आजीला स्मृतिभ्रंशाचा संशय! खुद्द अमेरिकेतही असेच दिसले. १८,०५६ प्रौढांना ही चाचणी देऊन मिळालेले आकडे १९९३ साली प्रसिद्ध झाले. नऊ किंवा अधिक वर्षे शिकलेल्यांचे मधले गुण २९, पाच ते आठ वर्षे शिकलेल्यांचे २६, आणि चार वर्षांपर्यंतच शिकलेल्यांचे २२. म्हणजे सरसकट २४ ची रेघ ओढली, तर कमी शिकलेल्यांतील निम्म्याहून अधिक माणसे रेघेच्या खाली जातील. त्यांचा मेंदू आजारी आहे म्हणून नव्हे, तर त्यांच्या लहानपणी शाळा नव्हती म्हणून.

यावर तोडगा आहे, आणि तो आपल्या देशातच काढलेला आहे. हरियाणातील बल्लभगडच्या खेड्यांतील बहुतांशी निरक्षर वृद्धांसाठी डॉ. मेरी गांगुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच चाचणीचे हिंदी रूप तयार केले व ते १९९५ साली प्रसिद्ध झाले. ‘डोळे मिटा’ हे वाक्य वाचून तसे करायला सांगण्याऐवजी, ‘माझ्याकडे बघा आणि मी करतो तसे करा’ असे त्यात ठेवले. वाक्य लिहिण्याऐवजी आपल्या घराविषयी काहीतरी सांगायला लावले. शब्दाला शब्द असे भाषांतर त्यांनी केले नाही. प्रश्नामागचा हेतू ओळखून तो त्या खेड्यातल्या जगण्यात बसवला, आणि मग तिथल्याच लोकांवर ती चाचणी वापरून पाहिली. प्रमाणके तयार करण्याची रीत ही अशी असते.

बंगळूरच्या निम्हान्सने २००४ साली प्रौढांसाठी चाचण्यांचा जो संच प्रसिद्ध केला, त्यातही वय, शिक्षण आणि स्त्री-पुरुष यांनुसार वेगवेगळी कोष्टके दिली. त्यानंतर भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने स्मृतिभ्रंशासाठी भारतीय भाषांतील चाचण्यांचा एक संच तयार झाला. त्याच्या पहिल्या पाच भाषा हिंदी, बंगाली, तेलुगू, कन्नड आणि मल्याळम. मराठी त्यांत नव्हती. कोट्यवधी लोकांची ही भाषा. आपण याची खंत बाळगायला हवी.

मुलांचा बुद्ध्यांक : मराठी मुलखाचा वारसा

मराठी मुलखाने या बाबतीत पूर्वी काहीच केले नाही, असे मात्र कोणी समजू नये. उलट मुलांच्या चाचण्यांत आपल्याकडे फार लवकर सुरुवात झाली. फ्रान्समध्ये बिने आणि सिमाँ यांनी १९०५ साली शाळकरी मुलांसाठी पहिली उपयुक्त बुद्धिचाचणी तयार केली. त्या परंपरेतील चाचणी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी मुंबई इलाख्यातील मुलांसाठी कन्नड आणि मराठीत आणली. त्यांचे पुस्तक १९४० साली प्रसिद्ध झाले. बिने-कामत चाचणी या नावाने ती आजही अनेक रुग्णालयांत वापरली जाते. पुढे नागपुरात डॉ. मालिन यांनी एका अमेरिकन चाचणीवरून भारतीय मुलांसाठी चाचणी बसवली, ती १९६९ सालची. सामाजिक प्रगल्भता मोजण्याच्या एका अमेरिकन मापनश्रेणीचे नागपूर रूपही त्यांचेच.

अगदी लहान बाळांसाठी डॉ. प्रमिला फाटक यांनी बडोद्यात केलेले काम तर प्रत्येक बालरोगतज्ज्ञाला ठाऊक आहे. जन्मापासून अडीच वर्षांपर्यंतची बाळे केव्हा मान धरतात, वस्तू एका हातातून दुसऱ्या हातात केव्हा घेतात, लपवलेली वस्तू केव्हा शोधतात, याची त्यांनी पद्धतशीर मोजणी केली. हालचालींच्या ६७ आणि मानसिक वाढीच्या १६३ कसोट्या असलेली ही मापनश्रेणी सुधारून १९९० च्या दशकाच्या अखेरीस पुण्यातून प्रसिद्ध झाली. परदेशी पुस्तकातील वये जशीच्या तशी न उचलता, आपल्या बाळांकडे पाहून ती ठरवली, हे या कामाचे मोठेपण.

मग अडचण कुठे आहे? या प्रमाणकांचे वय झाले आहे, ही पहिली अडचण.

जुनी झालेली फूटपट्टी

न्यूझीलंडचे जेम्स फ्लिन यांनी १९८० च्या दशकात एक गोष्ट पुढे आणली. अनेक देशांत पिढी दर पिढी मुलांचे चाचणीतील गुण वाढत गेले आहेत. अमेरिकेत ही वाढ दर दहा वर्षांना सुमारे तीन गुण अशी निघाली. शाळा, पोषण, लहान कुटुंब, आकृत्या आणि चित्रे यांचा सराव अशी तिची अनेक कारणे सांगतात. आपल्याकडचा वेग वेगळा असू शकेल, पण दिशा तीच असेल असे समजायला जागा आहे. आपल्या आजोबांच्या काळात चौथी पास म्हणजे शिकलेला माणूस, आज गावोगावी बालवाडी आहे.

याचा परिणाम काय? पन्नास वर्षांपूर्वीच्या मुलांशी आजच्या मुलाची तुलना केली, तर आजचा मुलगा आहे त्यापेक्षा हुशार दिसतो. ऐकायला बरे वाटते, पण ज्याला खरोखर मदतीची गरज आहे त्याचे यात नुकसान होते. त्याचे गुण फुगून रेघेच्या वर जातात आणि त्याला प्रमाणपत्र नाकारले जाते. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे महत्त्वाच्या सवलतींसाठी किमान ४० टक्के अपंगत्व प्रमाणित व्हावे लागते. त्या प्रमाणपत्रासाठी आई-वडील तालुक्याहून जिल्ह्याला खेपा घालतात, मजुरी बुडवतात. त्यांच्या हातात पडणारा आकडा जुन्या फूटपट्टीने मोजलेला असला, तर त्यांची तक्रार कोणाकडे करायची?

याच्या उलट चूकही होते. शहरातील मुलांवर बसवलेली चाचणी खाडीकाठच्या मुलाला दिली, की लिफ्ट, सिग्नल, मॉल यांवरचे प्रश्न त्याला अडतात. त्याला रहाट, पाट, तर आणि भरती-ओहोटी यांविषयी कोणी विचारीत नाही. घरात बोलली जाणारी बोली आणि चाचणीतील पुस्तकी मराठी यांतही अंतर असते. मग धडधाकट मूल मंद ठरते. एक फूटपट्टी गरजूला वंचित ठेवते, तर दुसरी निरोगी मुलाला आजारी ठरवते. दोन्हींचे कारण एकच, तुलना चुकीच्या गटाशी झाली.

आणखी एक गोष्ट पालकांनी नीट समजून घ्यावी. उत्तम चाचणीतही थोडी चूक राहतेच. नव्वद टक्के विश्वसनीय मानलेल्या चाचणीत ७० बुद्ध्यांक आला, तर गणिताने त्या मुलाचा खरा आकडा साधारण ६१ ते ७९ च्या दरम्यान कुठेही असू शकतो. त्यामुळे ६९ आला म्हणजे अपंग आणि ७१ आला म्हणजे नाही, असा काटेकोर निवाडा शास्त्राला मान्य नाही. आकड्याबरोबर मूल रोजच्या जगण्यात काय काय करू शकते, हेही पाहावेच लागते.

हाताचा वेग आणि नोकरीची परीक्षा

डोळ्यांनी पाहून हाताने चटकन कृती करणे, ठोकळे खाचेत बसवणे, बोटांनी ठराविक वेळात किती टिचक्या मारता येतात ते मोजणे, या मन आणि हालचाल यांच्या एकत्रित चाचण्या. लहान मुलांसाठी वेगवेगळ्या आकारांचे दहा लाकडी ठोकळे त्यांच्या खाचांत बसवण्याची जुनी चाचणी आजही वापरतात. भाषा फारशी लागत नाही म्हणून ती सर्वांना सारखीच न्याय्य, असे वाटते. तेही पूर्ण खरे नाही. ज्या मुलाने घरी असे खेळणे हाताळले आहे, त्याचा वेळ कमी लागतो. चिरेखाणीत किंवा जाळी ओढण्यात आयुष्य गेलेल्या माणसाची बोटे साठीत जड झाली, तर तो सांध्यांचा आणि घट्ट्यांचा दोष असू शकतो, मेंदूचा असेलच असे नाही. टचस्क्रीनवर घेतलेल्या चाचणीत मोबाईल हाताळणारा नातू आजोबांच्या पुढे जाणारच.

या चाचण्यांचे महत्त्व आपल्या भागातील तरुणांना चांगले ठाऊक आहे. रेल्वेच्या २०१८ आणि २०२४ च्या सहायक लोको पायलट भरतीत संगणकावरील अभियोग्यता चाचण्यांत प्रत्येक चाचणीला किमान ४२ ‘टी-गुण’ आवश्यक होते, आणि त्यात कोणत्याही प्रवर्गाला सूट नव्हती. शेकडो प्रवाशांचा जीव चालकाच्या हाती असतो, तेव्हा ही कडक शिस्त योग्यच आहे. पण टी-गुण म्हणजे काय ते उमेदवारांना समजावून सांगितले जात नाही. हा शंभरपैकी मिळालेला गुण नव्हे. गटाची सरासरी ५० धरून आणि पसाऱ्याचे माप १० धरून तो काढतात. ४२ म्हणजे सरासरीच्या थोडे खाली. गुणांची विभागणी नेहमीसारखी असेल, तर तुलनेच्या गटातील शंभरांपैकी सुमारे २१ जण त्याखाली येतात. म्हणजे इथेही सारे त्या गटावर अवलंबून. गट कोणता, कोणत्या वर्षीचा, हे जाहीर झाले तर परीक्षेवरचा विश्वास वाढेल.

सरावाचा मुद्दाही आहे. तीच चाचणी दुसऱ्यांदा दिली की गुण वाढतात. क्लासमध्ये महिनाभर सराव केलेला आणि पहिल्यांदाच संगणकापुढे बसलेला, या दोघांची तुलना एका कोष्टकावर करताना हे लक्षात घ्यायला हवे.

दुसरी बाजू

यावर काही डॉक्टर मंडळी एक आक्षेप घेतात आणि तो दुर्लक्ष करण्यासारखा नाही. प्रत्येक गावाची वेगळी प्रमाणके केली, तर कमतरता हीच सरासरी होऊन बसणार नाही का? एखाद्या भागात बहुतेक मुले कुपोषित असतील, आणि त्यांच्यावरूनच तक्ता तयार केला, तर कुपोषित मूल ‘सर्वसाधारण’ ठरेल. तसेच निरक्षर वृद्धांसाठी रेघ फार खाली ओढली, तर त्यांच्यातील खरा स्मृतिभ्रंश नजरेतून निसटेल. कमी शिक्षण हा स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारा घटक आहे, हेही सिद्ध झाले आहे. ज्यांना आजार होण्याची शक्यता जास्त, त्यांनाच आपण सूट देऊन बसू.

आक्षेप खरा आहे, आणि त्याचे उत्तरही आहे. काही गोष्टी जगभर जवळपास सारख्याच असतात. तिथे वेगळ्या तक्त्याची सबब सांगू नये. जागतिक आरोग्य संघटनेने भारतासह पाच देशांतील, चांगले पोषण मिळालेल्या बाळांची पाहणी करून २००६ साली प्रसिद्ध केलेल्या आकड्यांप्रमाणे आधाराशिवाय बसणे ३.८ ते ९.२ महिन्यांत आणि स्वतंत्र चालणे ८.२ ते १७.६ महिन्यांत येते. दीड वर्षाचे मूल चालत नसेल, तर ‘आमच्या घरात सगळेच उशिरा चालतात’ असे म्हणून थांबू नये, दाखवून घ्यावे. भाषा, शाळा आणि सवय यांवर जे अवलंबून आहे, तिथे मात्र स्थानिक प्रमाणके हवीतच. प्रमाणक आपली माणसे आज कशी आहेत ते सांगते. ती कशी असायला हवीत, हे ठरवण्याचे काम वेगळे. दोन्हींची गल्लत केली नाही, तर कमतरता झाकली जाणार नाही, उलट ती मोजता येईल.

सारख्याची सारख्याशी तुलना केल्याने काय साधते, त्याचे उदाहरण पुण्याचेच आहे. केईएम रुग्णालयाच्या संशोधकांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा खेड्यांतील माता आणि त्यांची मुले यांचा पाठपुरावा केला. गरोदरपणी ज्यांच्या रक्तात ब-१२ जीवनसत्त्व फार कमी होते, त्यांची मुले नऊ वर्षांची झाल्यावर लक्ष आणि तात्पुरत्या स्मरणाच्या काही चाचण्यांत मागे पडलेली दिसली. हे निष्कर्ष २००८ साली प्रसिद्ध झाले. परदेशी कोष्टकाशी तुलना केली असती, तर सारीच मुले मागे दिसली असती आणि ब-१२ चा धागा हातून निसटला असता.

जिल्ह्याने काय करावे?

हे काम मोठ्या शहरांवर सोडून देण्याची गरज नाही. आपल्या जिल्ह्यात प्रादेशिक मनोरुग्णालय आहे, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, डेरवणला ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. वेळणेश्वरला अभियांत्रिकी महाविद्यालयही आहे, तिथल्या विद्यार्थ्यांना माहिती गोळा करण्याचे आणि आकडेमोडीचे काम जड जाऊ नये. शिवाय गावोगावी आशाताई, अंगणवाडीताई आणि निवृत्त शिक्षक आहेत.

वृद्धांच्या स्मरणशक्तीपासून सुरुवात करता येईल. वयाचे तीन गट : साठी, सत्तरी, ऐंशी व पुढे. शिक्षणाचे तीन गट : शाळेत न गेलेले, सातवीपर्यंत शिकलेले, त्यापुढे शिकलेले. स्त्री आणि पुरुष वेगळे. असे अठरा गट होतात. प्रत्येकी पन्नास माणसे घेतली तर ९००. आपले तालुके नऊ. मंडणगड ते राजापूर प्रत्येक तालुक्यातून शंभर माणसे मिळणे अशक्य नाही. किनारा, खलाटी आणि सह्याद्रीच्या पायथ्याची वाडी, तिन्हींकडची हवीत. देवळाजवळ भेटतील तेवढीच माणसे मोजून चालणार नाही.

मात्र काही पथ्ये कडक पाळावी लागतील. मोतीबिंदू आणि बहिरेपणा आधी तपासावा, नाहीतर न ऐकलेल्या प्रश्नाला विसरणे समजले जाईल. पक्षाघात झालेले, स्मृतिभ्रंशाचे निदान झालेले यात धरू नयेत. तपासणाऱ्यांना एकाच पद्धतीचे प्रशिक्षण द्यावे; एकाने घाईने आणि दुसऱ्याने समजावून विचारले तर गुण बदलतात. दर दहांतील एकाला महिन्याभराने दुसऱ्या तपासनिसाने पुन्हा तपासावे आणि दोन्ही गुण जुळतात का ते पाहावे. ज्यांना तपासले त्यांची रीतसर संमती घ्यावी आणि नावे गुप्त ठेवावीत. तयार झालेले कोष्टक कोणत्याही डॉक्टरला विनामूल्य मिळावे. आणि दर दहा-पंधरा वर्षांनी ते पुन्हा तपासावे, नाहीतर आपण आज जी तक्रार करतो तीच आपली नातवंडे आपल्याविषयी करतील.

तोवर आपण काय करावे?

जिल्ह्याचे कोष्टक होईल तेव्हा होईल. तोवर घरातल्या कोणाची चाचणी झाली, तर पुढील प्रश्न विनयाने पण जरूर विचारावेत. चाचणी कोणत्या भाषेत झाली? तिची प्रमाणके कोणत्या लोकांवरून आणि कोणत्या साली काढली? वयाचा आणि शिक्षणाचा विचार केला का? दृष्टी आणि श्रवण आधी तपासले होते का? हा आकडा किती मागेपुढे असू शकतो? चांगल्या तज्ज्ञाला या प्रश्नांचा राग येत नाही.

वृद्धांच्या बाबतीत सर्वांत जवळची तुलना त्यांची त्यांच्याशीच. दोन वर्षांपूर्वी आई काय करीत होती आणि आज काय करते? आमटीत मीठ दोनदा पडते, रोजच्या वाटेवर चुकायला होते, तोच प्रश्न तासात चार वेळा येतो, पैशांचा व्यवहार जमत नाही, असा बदल दिसत असेल तर चाचणीत तीसपैकी अठ्ठावीस मिळाले तरी दुर्लक्ष करू नये. उलट पूर्वीपासूनच अक्षरओळख नसलेल्या, पण घर नेटके चालवणाऱ्या आजीला बावीस मिळाले, तर घाबरून जाऊ नये. सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तीच चाचणी पुन्हा घ्यावी. विसरण्यामागे थायरॉईडचा विकार, ब-१२ ची कमतरता, नैराश्य, झोपेच्या गोळ्या अशी उपचारांनी सुधारणारी कारणे असू शकतात. त्यांचा शोध आधी घेतला पाहिजे.

मुलांच्या बाबतीत एका बैठकीतील एका आकड्यावर शाळा बदलू नये की मुलाच्या कपाळी ‘मंद’ असा शिक्का मारू नये. मूल त्या दिवशी आजारी होते का, अनोळखी माणसापुढे बुजले का, घरची बोली तपासणाऱ्याला कळत होती का, हे सांगणे पालकांचे काम आहे.

जिल्हा परिषदेचा आरोग्य विभाग, दोन्ही वैद्यकीय महाविद्यालये आणि मनोरुग्णालय यांनी एकत्र बसून या कामाचा विचार करावा, अशी विनंती या स्तंभातून करावीशी वाटते. वाचकांनीही ग्रामसभेत हा विषय काढावा. रस्ता आणि पाणी यांच्या मागणीइतका तो डोळ्यांत भरणारा नाही, हे खरे. पण आपल्या आईला रोग आहे की नाही आणि आपल्या मुलाला मदत मिळणार की नाही, हे ज्या आकड्यावर ठरते, तो आकडा आपल्याच माणसांत मोजलेला असावा, ही मागणी अवाजवी म्हणता येणार नाही.